"घाट चढायला टॉर्क लागतो, हॉर्सपॉवर नाही" हे साफ चुकीचं आहे

सध्या जो तो हे पुढे पाठवतोय की टॉर्क (इंजिनचा फिरवायचा जोर, तो न्यूटन मीटरमध्ये मोजतात) म्हणजे पिकअप, हॉर्सपॉवर म्हणजे फक्त टॉप स्पीड, त्यामुळे घाटात रॉयल एनफिल्डची क्लासिक 350 (27 न्यूटन मीटर) ही केटीएमच्या 200 ड्यूकला (19 च्या आसपास) मागे टाकणारच. गाड्या चाकणला बनतात, घाट आपल्या उशाशी आहेत, तरी पुण्यात हे खपतं याचं मला खरंच वाईट वाटतं.

आधी घाटाचंच बघू. एक मेट्रिक हॉर्सपॉवर म्हणजे 75 किलो वजन सेकंदाला 1 मीटर वर उचलणं. म्हणजे चढ चढणं हीच हॉर्सपॉवरची व्याख्या आहे राव! क्लासिक 195 किलो, वर दोघं मिळून 135, झाले 330. दहाला एक असा चढ 50 च्या स्पीडने चढताय तर सेकंदाला जवळपास 1.4 मीटर वर जाताय, म्हणजे नुसतं वजन उचलायलाच 6 हॉर्सपॉवर गेले, हवा आणि टायर वेगळे.

आता ते 27 विरुद्ध 19. हा आकडा इंजिनचा आहे, मागच्या चाकाचा नाही, मधे गिअर आहेत ते कुणी धरतच नाही. क्लासिक 4000 आरपीएमला (म्हणजे इंजिनचे मिनिटाला 4000 फेरे) चाललीये, पूर्ण 27 मिळतोय, आता स्पीड तोच ठेवून खालचा गिअर टाका, समजा आरपीएम 6100 झाला, तर इंजिनचा टॉर्क उतरून 23.5 च्या आसपास येतो आणि तरीही गाडी जास्त ओढते, कारण गिअरने तो दीडपट केला, म्हणजे 27 च्या जागी 35. टॉर्क कमी झाला, ओढ वाढली! वाढली ती पॉवर, 15 वरून 20 वर. ड्यूक 19 देते ती 8000 ला, त्यामुळे त्याच स्पीडला तिचं गिअरिंग दुप्पट शॉर्ट (म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनचे दुप्पट फेरे) ठेवता येतं आणि 19 चे 38 होतात. न्यूटन मीटर गुणिले आरपीएम भागिले 7100, करून बघा, पॉवर तिथेच कळते.

नाना पेठेत, पुण्याच्या स्पेअर पार्टच्या बाजारात, जाऊन पुढचा स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) एक दात कमीचा बसवला की पिकअप वाढतो ना? इंजिनला तर कुणी हातही लावलेला नसतो.

यात खरं एवढंच की क्लासिकला ही ताकद कमी आरपीएमला मिळते, सिंहगडाच्या वळणावर डबलसीट असताना गिअर न बदलता गाडी निघते, आणि रोजच्या वापरात हे सुख मोठं आहे, मी ते अजिबात कमी लेखत नाही. ड्यूक 3000 वर ठेवून घाटात नेली तर ती रडणारच, तिला दोन गिअर खाली आणून फिरवावं लागतं. ज्यांना ते नको त्यांनी बिनधास्त क्लासिक घ्या, पण 'ड्यूक घाट चढत नाही' अशा समजुतीने क्लासिक घेऊ नका.