साखळीच्या टोकाला उभा असलेला पोरगा

गेल्या उन्हाळ्यात नाशिकजवळच्या रामशेज किल्ल्यावरच्या पाण्याच्या टाक्यातला गाळ काढायला सातपूरचा एक पोरगा यायचा. कंपनीतली रात्रपाळी संपली की घरी न जाता थेट गडाच्या पायथ्याला, आशेवाडीला. चार-चार तास न बोलता घमेली उचलायचा. तीन रविवार आला आणि मग बंद झाला.

तेव्हा गडावर रविवारी श्रमदान करणारे आम्ही जुने लोक म्हणालो, "आजकालच्या पोरांना फोटोपुरताच गड हवा असतो." मीही म्हणालो. ते धडधडीत खोटं होतं, म्हणून आज हे लिहितोय.

परवा निमाणीला तो भेटला. का येत नाहीस, असं विचारलं तर आधी ड्युटीचं कारण सांगितलं. चहा घेताना मग हळूच म्हणाला, "दादा, काम आवडायचं. पण खाली उतरल्यावर तुम्ही सगळे मिसळ खायला जायचे. मला कोणी चल म्हटलं नाही."

खरंच होतं. मिसळीचं आमचं गाडीवर बसता बसताच ठरतं. तो किल्ली हातात घेऊन उभा राहायचा आणि आम्ही निघून जायचो. मुद्दाम कोणी टाळलं नाही, पण त्याला ते कसं कळावं? शिवाय त्याच्या खान्देशी बोलण्याची आमच्यातल्या एकाने दोनदा नक्कल केली होती. सगळे हसले, तोही हसला. त्या हसण्यावरून आम्ही धरून चाललो की त्याला काही वाटलं नाही. नाशिकच्या कारखान्यांत अर्धं खान्देश राबतंय आणि आपण त्यांच्या बोलीवर हसतो, याची मला लाज वाटते.

1682 मध्ये मुघलांनी रामशेजला वेढा घातला. एवढासा गड, पण पाच वर्षांहून जास्त झुंजला. आम्ही हे प्रत्येक नव्या माणसाला छाती फुगवून सांगतो. आतली माणसं एकमेकांना धरून राहिली नसती तर गड इतका टिकला असता का, हा विचार मात्र आम्हाला कधी शिवला नाही. इतिहास सांगून झाला की नव्याच्या हातात घमेलं द्यायचं आणि त्याला घमेली हातोहात पुढे देणाऱ्या साखळीच्या टोकाला उभं करायचं, जिथे एका बाजूला माणूस आणि दुसऱ्या बाजूला नुसता मातीचा ढीग. त्याने बोलायचं कोणाशी?

त्र्यंबकेश्वरहून निवृत्तीनाथांची पालखी निघते तेव्हा वाटेत एखादा नवखा दिंडीत शिरतो. त्याला कोणी गाव-आडनाव विचारत बसत नाही. माउली म्हणतात, टाळ हातात देतात. ठेका चुकला तरी शेजारचा सांभाळून घेतो. हे आपल्या मातीतलंच आहे, बाहेरून शिकायला नको.

तर माझी मागणी आहे आणि ती जुन्यांकडे आहे. नवा माणूस साखळीत दोन जुन्यांच्या मधे उभा राहील. वर्गणीचं पहिल्या महिन्यात तोंडातून काढायचं नाही. बाई किंवा मुलगी पहिल्यांदा येणार असेल तर गावात कोणाच्या घरी सोय आहे आणि परत किती वाजता निघणार, हे तिने विचारायच्या आधी सांगायचं. दोन रविवार कोणी दिसलं नाही तर फोन करायचा, "का आला नाहीस" म्हणायला नाही, "बरा आहेस ना" म्हणायला. एवढं करूनही कोणी नाही आलं तर राग धरायचा नाही.

त्या पोराची या रविवारी सुट्टी आहे. येतो म्हणालाय. साडेसहाला पेठ नाक्यावर जमायचं ठरलंय, पण आपल्यापैकी दोघा-तिघांनी सहालाच या. तो आधी पोहोचला तर त्याला एकट्याला उभं राहायला लागू नये.