"सारा म्हणजे सरस्वती" हा मेसेज पुढे पाठवू नका, तो खोटा आहे

माझी ठाण्याची एक मैत्रीण बेने इस्रायली आहे, म्हणजे कोकणातल्या ज्यूंपैकी, घरात मराठीच बोलतात, तिच्या आजीचं नाव साराबाई. तिच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा मेसेज आला की सारा हे नाव मूळचं सरस्वती, अब्राहाम म्हणजे आपला ब्रह्मा, हागार म्हणजे घग्गर नदी, नाव जगभर चालतं म्हणजे आपलंच, आणि शेवटी "ज्यूंना स्वतःची नावंच नाहीत, सगळी आपल्याकडून उचललेली". खाली हात जोडलेल्यांची रांग. ती तिथे गप्प बसली, मला नाही जमत.

मराठी बायबल कुठेही मिळतं, उत्पत्तीचा १७वा अध्याय काढा. पाचव्या वचनात ज्यूंचा मूळपुरुष अब्राम याचा अब्राहाम होतो, पंधराव्यात त्याची बायको साराय हिची सारा होते. म्हणजे मूळ नाव अब्राम, ज्या 'ह'वर ब्रह्मा उभा केलाय तो त्यात नाहीच. हिब्रूत अब म्हणजे बाप, राम म्हणजे उंच, थोर, आणि या रामाचा श्रीरामाशी संबंध नाही हेही आत्ताच सांगून ठेवते, नाहीतर उद्या तो मेसेज येईल.

साराचंही तसंच. हिब्रूत सर म्हणजे सरदार, अधिकारी, त्याचं स्त्रीलिंग सारा. आजही इस्रायलमध्ये मंत्र्याला सर म्हणतात आणि बाई मंत्री असेल तर सारा. हिब्रूच्याच नात्यातल्या जुन्या अक्कादी भाषेत राणीला शर्रतू. सगळं गोत तिकडचं आहे. सरस्वती आली सरस् वरून, म्हणजे पाणी, तळं, आणि इराणी भाषांत तिचं सख्खं रूप आहे हरह्वती, सप्तचं हप्त होतं तसं. इराणमार्गे नाव गेलं असतं तर 'ह' घेऊन गेलं असतं ना?

बरं, एवढं कबूल करते की दोघींच्या कथेत एक गोष्ट जुळते. पुराणांत सरस्वती ब्रह्मदेवाची मुलगीही आणि पत्नीही, आणि उत्पत्ती २०:१२ मध्ये अब्राहाम सांगतो की सारा माझी सावत्र बहीण. पण साराची अख्खी गोष्ट म्हातारपणी मूल होण्याची आहे, नव्वदीत इसहाक होतो, त्यात ना विद्या, ना वीणा, ना नदी. घग्गरवर वेळ घालवत नाही, हागार मिसरची, म्हणजे इजिप्तची, दासी होती असं स्वच्छ लिहिलंय. आणि "जगभर चालतं म्हणजे आपलंच" हा तर मुद्दाच नाही, ख्रिस्ती आणि मुसलमान दोघंही अब्राहामाला मानतात म्हणून नाव पसरलं, अमेरिकेत १९८० आणि ९०च्या दशकांत मुलींच्या पहिल्या दहा नावांत होतं.

माझा खरा राग त्या शेवटच्या ओळीवर आहे. ऑगस्ट १९३८ मध्ये नाझी सरकारने हुकूम काढला की ज्या ज्यू बाईचं नाव सरकारी यादीतलं नाही तिने १ जानेवारी १९३९ पासून आपल्या नावाला "सारा" जोडायचं, पुरुषांनी "इस्राएल". ओळखपत्रावर तेच, अर्जावर सही करतानाही तेच. बाई कोणीही असो, डॉक्टर, शिक्षिका, दुकानदार, कागदावर ती सारा, म्हणजे बघताक्षणी कळावं की ही ज्यू आहे. ज्या नावाने या बायकांना असं वेगळं काढलं, तेच नाव त्यांचं नव्हतं म्हणून आता सांगताय?

आणि आपल्या कोकणात बघा. बेने इस्रायली तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक शनिवार तेली म्हणायचे. आडनावं गावावरून पडली, पेणकर, रोहेकर, दिवेकर. शमुवेलचा सामाजी झाला, साराची साराबाई झाली, मुंबईतलं १७९६चं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, सामाजी हसाजी दिवेकरांनी बांधलं. जी लावलं, बाई लावलं, लुगडी नेसल्या, पण नावं पिढ्यान्‌पिढ्या तीच ठेवली. त्यांच्याच नातीला ग्रुपवर चोर ठरवताना जरा तरी विचार करायचा.

मुलीचं नाव सारा ठेवायचंय तर खुशाल ठेवा, छान नाव आहे. पण हा मेसेज तुमच्या ग्रुपवर आला तर उत्पत्ती १७:१५ चा फोटो काढून तिथेच टाका.