काल तर हिरवं होतं!

मला पगार मिळतो तो डेटाबेस मारण्याचा. रोज रात्री आम्ही पुण्यात जेवूनखाऊन झोपलो की कुठल्याशा सर्व्हरवर पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरचे पिटुकले डेटाबेस जन्माला येतात, त्यांत चार टेबलं भरली जातात, त्यांचा बॅकअप घेतला जातो आणि मग आमची स्क्रिप्ट त्यांची डेटा डिरेक्टरी निर्दयपणे पुसून टाकते. बॅकअपमधून डेटाबेस पुन्हा उभा राहिला तर हिरवी खूण, नाही तर लाल. सकाळी चहाआधी मी ती लाल-हिरवी रांग बघत बसतो. घरच्यांना वाटतं, शेअर बाजार बघतोय.

हे सगळं चालतं कंटेनरमध्ये. कंटेनर म्हणजे एका वाड्यात वेगळी बिऱ्हाडं: ज्याची त्याची खोली, ज्याचं त्याचं कुलूप, पण कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, नावाची विहीर एकच. पोस्टग्रेसची नवी मोठी आवृत्ती दरवर्षी येते आणि प्रत्येकीला 5 वर्षं सांभाळावं लागतं. म्हणजे कधीही पाहा, 5 आवृत्त्या हयात. त्यांना 4 प्रकारच्या लिनक्सनी गुणा, मग बॅकअप डिस्कवर की क्लाउडवर म्हणून 2नी. झाली 40 बिऱ्हाडं. शिवाय एखादा ग्राहक अजून 9.6 या जुनाट आवृत्तीवरच असतो आणि ‘आमचं छान चाललंय, हात लावू नका’ म्हणतो, तो निराळाच.

एवढा खटाटोप कशाला, असं नवीन आलेली मंडळी विचारतात. त्यांना मी गिटलॅबची, म्हणजे प्रोग्रॅमरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीची, 31 जानेवारी 2017ची रात्र सांगतो. थकलेल्या इंजिनिअरने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरचीच डिरेक्टरी पुसली. सुमारे 300 जीबी डेटा गेला. मग बॅकअप शोधायला गेले, तर बॅकअप घेणारा पीजी-डंप हा प्रोग्रॅम होता 9.2चा आणि डेटाबेस 9.6चा, त्यामुळे बॅकअप होतच नव्हता. तसं कळवणाऱ्या ईमेल जायच्या, पण मेल सर्व्हर त्या नाकारायचा. कुणीतरी दुसऱ्याच कामासाठी सुमारे 6 तास आधी घेतलेला स्नॅपशॉट, म्हणजे डेटाची त्या क्षणाची प्रत, होता म्हणून निभावलं. दुरुस्ती त्यांनी यूट्यूबवर थेट दाखवली, हे मात्र मानलं पाहिजे. आमच्याकडे प्रिंटर बिघडला तरी दार लावून घेतात.

तर टेस्ट. आमच्या टेस्ट लाल होतात, पण बॅकअपमुळे क्वचितच. पहिला मान ‘तयार आहेस का?’ या प्रश्नाचा. पोस्टग्रेसची अधिकृत इमेज, म्हणजे कंटेनरचा तयार साचा, पहिल्यांदा सुरू होताना आधी एक तात्पुरता सर्व्हर उठवते, त्याच्याकडून पासवर्ड वगैरे मांडामांड करून घेते, त्याला झोपवते आणि मग खरा सर्व्हर उठवते. तुम्ही कंटेनरच्या आतून विचारलंत तर तो तात्पुरताच ‘हो, तयार!’ म्हणून मोकळा होतो आणि पुढच्या क्षणी गायब. यावरचा खरा उपाय म्हणजे टीसीपीवरून, म्हणजे नेटवर्कच्या दाराने, विचारणे, कारण तात्पुरता सर्व्हर तिथे ऐकतच नाही. आमच्या पूर्वसूरींचा उपाय वेगळा होता. त्यांनी ‘5 सेकंद झोप’ लिहिलं, मग 10, मग 30. पुढे कुणीतरी कॉमेंट टाकली: ‘हे काढू नये. का ते माहीत नाही.’

मग डिस्क. ‘जागा शिल्लक नाही’ असा एरर आला. इन्फ्रावाल्या भाऊंना मस्का मारून डिस्क वाढवून घेतली, तरी तोच एरर. भाऊ म्हणाले, “अहो, अर्धी डिस्क रिकामी आहे, तुम्हाला नक्की ठेवायचंय तरी काय?” पोस्टग्रेस समांतर क्वेरीसाठी शेअर्ड मेमरी मागत होता. कंटेनर चालवणारा डॉकर ती मुळात 64 एमबीच देतो आणि ती संपली की तक्रार जागेच्याच नावाने येते. चालवताना एक आकडा वाढवला, प्रश्न मिटला. ती डिस्क भाऊंनी अजून परत मागितलेली नाही आणि मीही विषय काढत नाही.

पण माझी आवडती टेस्ट म्हणजे वेळेत मागे जाण्याची. टेबल चुकून उडवलं, तर उडवण्याच्या क्षणभर आधीपर्यंतचा डेटा परत आणायचा. ही टेस्ट सर्व्हरवर पास व्हायची आणि माझ्या लॅपटॉपवर नापास. ‘माझ्या मशीनवर चालतंय’ हे आमच्या धंद्यातलं ब्रह्मवाक्य, आणि इथे फक्त माझ्याच मशीनवर चालत नव्हतं! कारण तिथे टेस्ट घड्याळ पाहायची पुण्याचं आणि कंटेनर राहायचा यूटीसीत, म्हणजे लंडनच्या हिवाळी वेळेत. म्हणजे आम्ही पोस्टग्रेसला सांगत होतो, ‘साडेपाच तासांनंतर जे होणार आहे तिथपर्यंत जा.’ 12पर्यंतच्या आवृत्त्या असलं काही मागितलं तर हाती असेल तेवढं लावून निमूट उभ्या राहायच्या. 13पासून पोस्टग्रेस भांडतो: सांगितलेली वेळ आलीच नाही, मी उठणार नाही. लंडनच्या सहकाऱ्याकडे तर ही टेस्ट हिवाळ्यात पास आणि उन्हाळ्यात नापास व्हायची. त्याने बिचाऱ्याने ऑक्टोबरची वाट पाहायचं ठरवलं होतं.

या सगळ्यातून तावूनसुलाखून गेल्या महिन्यात सलग काही सकाळी पूर्ण रांग हिरवी दिसली. रिलीज तोंडावर, मॅडम खूश, पेढे आले. नवीन मुलगी तेवढी पेढा हातात धरून म्हणाली, “सर, लॉगमध्ये ‘फेल्ड’ बऱ्याचदा दिसतंय.” पाहिलं तर कुणीतरी टेस्टचं आउटपुट फाइलमध्येही जावं म्हणून कमांडला पाइप लावून पुढे ‘टी’ ही आउटपुट फाइलमध्ये उतरवणारी दुसरी कमांड जोडली होती. कमांडा चालवणारा बॅश अशा वेळी शेवटच्या कमांडचा निकाल धरतो. टेस्ट नापास, पण ‘टी’ने फाइल सुरेख लिहिली, म्हणून हिरवी खूण! आम्ही रोज रात्री फाइल लिहिता येते का, याची कसून परीक्षा घेत होतो.

‘पाइपफेल’ची, म्हणजे रांगेतली कुठलीही कमांड नापास झाली तरी नापासच धर असं बॅशला सांगणारी, एक ओळ घातली. दुसऱ्या दिवशी निम्मी रांग लाल. मॅडम धावत आल्या.

“अरे, काल तर सगळं हिरवं होतं! काय केलंस तू?”

“एक ओळ टाकली.”

“मग काढ ना ती. रिलीज झाल्यावर परत टाक.”