नऊच्या नऊ

लेड झेपेलिन या इंग्लिश रॉक बँडचे स्टुडिओ अल्बम किती, हा प्रश्न दर्दी लोकांत टाकला की लगेच दोन पार्ट्या पडतात. आठवाले आणि नऊवाले. आठवाले ‘कोडा’ धरत नाहीत. सप्टेंबर १९८० मध्ये ड्रमर जॉन बॉनम गेला, डिसेंबरात बाकीच्या तिघांनी थांबत असल्याचं जाहीर केलं आणि १९८२ साली शिल्लक ध्वनिमुद्रणांतून जो अल्बम निघाला तो ‘कोडा’. उरलंसुरलं कशाला मोजायचं, असं यांचं म्हणणं. मी नऊवाला आहे. माझे नऊ आता घरात आहेत, काही सीडी, काही एलपी, आणि आज जरा निवांत भांडायला बसलोय. पोस्ट मोठी आहे, कंटाळा आला तर पुढे सरका.

आधी घरच्या आघाडीवर. “सगळे कशाला? चांगली चांगली गाणी घ्यायची की,” हे मी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या मित्रांकडून ऐकलंय, मंगळवार पेठेतल्या मामांकडून ऐकलंय, बायकोकडून तर रोजच. मामांचा आक्षेप आणखी मुळातला आहे. “काय ओरडालाय रं त्यो?” बँडचा गायक रॉबर्ट प्लांटबद्दल याहून नेमकी समीक्षा मी वाचलेली नाही.

तर चांगली चांगली गाणी. २००७ साली ‘मदरशिप’ नावाचा दोन सीडींचा संच आला, त्यात निवडक २४ गाणी आहेत. सगळी उत्तम. ज्याला एका गाडीप्रवासापुरतं ऐकायचंय त्यानं तो जरूर ऐकावा, कोल्हापूर ते पुणे मजेत जाल. पण हा बँड असा फोडी करून कळत नाही. त्यांनीच तशी सोय ठेवली नव्हती. इंग्लंडात सिंगल काढायचं, म्हणजे एखादं गाणं सुट्या छोट्या तबकडीवर विकायचं, त्यांनी टाळलं. ‘स्टेअरवे टू हेवन’ १९७१ चं, जगभर रेडिओवर वाजलं, पण दुकानात सिंगल म्हणून विकायला ठेवलं नाही. गाणं पाहिजे? मग अख्खा चौथा अल्बम घ्या. त्या अल्बमच्या कव्हरवर ना बँडचं नाव, ना अल्बमचं. गठ्ठा वाहून नेणारा एक म्हातारा आणि मागे पोपडे आलेली भिंत, बस्स.

आता खरी गंमत. १९७३ च्या ‘हाउसेस ऑफ द होली’ या अल्बममध्ये ‘हाउसेस ऑफ द होली’ हे गाणंच नाही! रेकॉर्ड झालं होतं, पण बाजूला ठेवलं. ते सापडतं १९७५ च्या ‘फिजिकल ग्राफिटी’त. आणि ‘फिजिकल ग्राफिटी’ झाला कसा? नवी गाणी आठच होती, पण इतकी लांब की एका एलपीत मावेनात. कापाकापी करण्याऐवजी त्यांनी आधीच्या तीन अल्बमांच्या वेळची सात शिल्लक गाणी बाहेर काढली आणि डबल अल्बम केला. पंधरा गाण्यांतली सात शिळी! आणि याच अल्बमला आठवाले बँडचा कळस म्हणतात. मीही म्हणतो. मग शिल्लक गाण्यांवरूनच ‘कोडा’ला पंगतीतून उठवायचं, हा कुठला न्याय?

त्यांच्या बाजूचंही सांगतो. ‘कोडा’तल्या आठ गाण्यांपैकी दोन मुळात १९७० साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये टिपलेली आहेत, म्हणजे काटेकोर अर्थानं तो पूर्ण स्टुडिओ अल्बम नाहीच. कबूल. पण त्याच अल्बममध्ये बॉनमचं १९७६ सालचं नुसतं ड्रमवादन आहे, गाणारा कुणी नाही, गिटार नाही. ज्याच्या जाण्यानं बँड बंद पडला त्याला एकट्याला ऐकायचं असेल तर दुसरीकडे कुठे जाणार?

जुन्या गाण्याचं वेड या गावाला नवीन नाही. शाहू महाराजांनी अल्लादियाखाँसाहेबांना कोल्हापूर दरबारी आणलं आणि जयपूर-अत्रौली घराणं इथं रुजलं. खाँसाहेब १९४६ साली गेले. म्हणजे रेकॉर्डचा धंदा भरात असतानाच्या काळात ते होते, आणि तरी त्यांचं गाणं आपल्याला ऐकायला मिळत नाही. त्यांच्या शिष्या केसरबाई ऐकायच्या, मोगूबाई ऐकायच्या, त्यांचे मुलगे मंजीखाँ आणि भुर्जीखाँ यांच्याकडे शिकलेले मल्लिकार्जुन मन्सूर ऐकायचे, आणि त्यावरून मूळ गाणं कसं असेल याचा अंदाज बांधायचा. इथल्या देवल क्लब या संगीतसंस्थेतल्या जाणत्यांकडून ही हळहळ मी अनेकदा ऐकलीय. अशा गावात वाढलेल्या माणसानं, जे सगळं नीट टिपलं गेलंय, सहज मिळतंय, त्यातलं नववं सोडून द्यावं? मला नाही जमत.

माझं म्हणणं खरं तर कमकुवत अल्बमांबद्दल आहे. पहिले चार कुणीही घेतं. पहिला, गिटारवादक जिमी पेजच्या म्हणण्यानुसार, स्टुडिओच्या जेमतेम ३६ तासांत उरकलेला, तरी आजही अंगावर येतो. पण १९७६ चा ‘प्रेझेन्स’ कोण घेतं? ऑगस्ट १९७५ मध्ये ग्रीसमधल्या ऱ्होड्स बेटावर प्लांटच्या गाडीला अपघात झाला. अल्बम म्युनिकमध्ये झाला तेव्हा तो व्हीलचेअरवर होता, आणि काम तीन आठवड्यांच्या आत संपवलं. कीबोर्ड नाही, तिसऱ्या अल्बमसारखी अकूस्टिक गिटारची मोकळीक नाही. सात गाणी, सगळी घट्ट, घाईतली, चिडलेली. पहिलंच गाणं दहा मिनिटांच्या वर जातं आणि एकदाही दम खात नाही. सुरुवातीला मला हा अल्बम कोरडा वाटायचा. आता नऊमधला माझा सगळ्यात जास्त वाजणारा तोच आहे. ‘बेस्ट ऑफ’वर थांबलो असतो तर त्याच्यातल्या एखाद-दुसऱ्या गाण्यापलीकडे गेलोच नसतो.

त्याच्या पुढचा ‘इन थ्रू द आउट डोअर’, १९७९. हा मात्र मला अजूनही अर्धाच आवडतो. स्टॉकहोममधल्या आब्बा या पॉप बँडच्या स्टुडिओत रेकॉर्ड झाला आणि बँडमधला चौथा, जॉन पॉल जोन्स, त्याचे कीबोर्ड सगळीकडे पसरलेत, काही ठिकाणी अति गोड. ‘ऑल माय लव्ह’ला नाक मुरडणारे खूप. प्लांटचा लहान मुलगा १९७७ साली गेला, त्याच्यासाठीचं ते गाणं आहे. हे कळल्यावर नाक मुरडायचं की नाही ते ज्याचं त्यानं ठरवावं.

या अल्बमचं वेष्टन मात्र भन्नाट. बाहेरून वाण्याकडे मिळते तशी खाकी कागदी पिशवी, आत सहापैकी कुठलंही एक कव्हर. घेणाऱ्याला आधी कळायचं नाही. आणि मूळ छपाईत आतली स्लीव्ह काळ्या-पांढऱ्या चित्राची, तिच्यावर ओला ब्रश फिरवला की रंग उमटायचे. माझ्याकडे हा सीडीवर आहे. मूळ एलपी शाहूपुरीतल्या एका मित्राकडे, आणि त्यानं ब्रश कधीच फिरवला नव्हता. जपून ठेवायचं म्हणून! २०१९ च्या पुरात त्याच्या खालच्या खोलीत पाणी आलं आणि सगळ्यात खालचा कप्पा बुडाला. ओसरल्यावर आम्ही रेकॉर्ड बाहेर काढत होतो. बाहेरची पुठ्ठ्याची कव्हरं हात लावला की थराथरानं सुटत होती, दोन-दोन एकमेकांना चिकटलेली, मधे गाळ. पिशवीचा तर लगदाच. आणि ती आतली स्लीव्ह, गाळाच्या डागांमधून निळा-गुलाबी रंग वर आलेला. आम्ही दोघंही येड्यासारखे हसत सुटलो. तबकड्या साध्या पाण्यात धुतल्या, कापडावर उभ्या वाळवल्या, बहुतेक सगळ्या वाजल्या. विनाइलला पाण्याचं काही नसतं, कागदाला असतं.

पुराचा विषय निघालाच आहे तर चौथ्या अल्बमचं शेवटचं गाणं, ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’. मूळ गाणं १९२९ चं, मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मॅकॉय यांचं, १९२७ च्या मिसिसिपीच्या महापुरावरचं. झेपेलिननं दुसऱ्यांची ब्लूज गाणी उचलून नावं न देण्याचा उद्योग भरपूर केला, ब्लूज गीतकार विली डिक्सनचं प्रकरण कोर्टापर्यंत गेलं, त्याबद्दल त्यांना माफी नाही. इथं निदान मेम्फिस मिनीचं नाव छापलंय. ड्रम ऐका. हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या इमारतीत जिन्याच्या तळाशी बॉनमला बसवलं आणि माइक वरून टांगले. जिन्याची सगळी पोकळी त्या आवाजात आहे. मधे जागा ठेवून पडणारे जड ठोके, घाई अजिबात नाही, पण थांबणारही नाहीत. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे आकडे पाठ असलेल्या माणसाला ते गाणं काय करतं ते सांगत बसत नाही. जुलैत दर तासाला मोबाइलवर पाणीपातळी बघत असताना मी ते लावत नाही.

आणि आता ‘कोडा’साठी माझा हुकमाचा एक्का. १९७२ साली पेज आणि प्लांट मुंबईत आले होते. नुसते फिरायला नाही. इथल्या वादकांना घेऊन त्यांनी ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ ही आपली दोन गाणी पुन्हा रेकॉर्ड केली. पुढे कित्येक वर्षं ते चोरट्या प्रतींमधूनच फिरत राहिलं. २०१५ साली पेजनं जुने अल्बम नव्यानं काढले तेव्हा ते अधिकृतपणे आलं, आणि आलं कुठं? ‘कोडा’च्या तीन डिस्कच्या आवृत्तीत. ‘फोर स्टिक्स’चं मूळ ध्वनिमुद्रण घ्या, बॉनम दोन हातांत चार काठ्या घेऊन वाजवतोय, म्हणून तर ते नाव. मुंबईच्या ध्वनिमुद्रणात बॉनम नाही, आपली मंडळी आहेत. वजन वेगळं, चाल वेगळी, मधेच सगळे एकमेकांकडे बघून सावरून घेतायत असं वाटतं. सफाई नाही, पण मी ते मामांना ऐकवलं तर मामा पहिल्यांदाच शेवटपर्यंत बसले. “हे बरं हाय,” म्हणाले. आठवाल्यांकडे याचं उत्तर असेल तर खाली लिहा.

ज्यांना सुरुवात करायचीय त्यांच्यासाठी थोडं कामाचं. एकदम बॉक्स घेऊ नका, नऊ एकदम घरात आले की पाच ऐकले जात नाहीत. निघाले त्या क्रमानं एकेक घ्या, पुढचा घ्यायच्या आधी हातातला मुरू द्या. सीडीला नाकं मुरडू नका, स्वस्त पडते आणि आपल्या पावसाळ्यात बरी टिकते. एलपी घेणार असाल तर उभ्याच ठेवा, बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, श्रावणापर्यंत कव्हरावर बुरशीचे पांढरे ठिपके आलेच म्हणून समजा. आणि आजोबांच्या जुन्या ७८ च्या लाखी तबकड्या घरात असतील तर त्यांना चुकूनही अल्कोहोलनं पुसू नका, लाख विरघळते.

तिसऱ्या अल्बमची मूळ एलपी मिळाली तर सोडू नका. कव्हरला भोकं आहेत आणि आत फिरणारी चकती, बोटानं फिरवली की भोकांतली चित्रं बदलतात. सीडीत त्याची मजा नाही.

नऊ पूर्ण झाले तरी एक गाणं राहतंच. ‘हे, हे, व्हॉट कॅन आय डू’, १९७० साली ‘इमिग्रंट साँग’च्या सिंगलच्या मागच्या बाजूला आलेलं, त्या नऊपैकी एकाही मूळ अल्बममध्ये नसलेलं. ते छोटं सिंगल कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीत कुणाकडे पडून असेल तर इनबॉक्स करा. विकायचं नसलं तरी चालेल, ऐकायला येतो. मिसळ माझ्याकडून.