आयेची तार

तेरावं उरकून परवा रात्री कणकवलीहून भांडुपला परतले. फॅमिली ग्रुपवर अजून मेसेज येतायत. "भरपूर जगल्या", "पिकलं पान होतं", "सोनं झालं". सगळ्यांचे आभार. पण आयेचं वय नेमकं किती, हे बरेच जण विचारतायत, त्याचं उत्तर कोणाकडेच नाही. आधार कार्डावर १ जानेवारी १९३५ आहे. ते खरं धरलं तर माझी थोरली आत्या जन्मली तेव्हा आये बारा वर्षांची होती. कारण आत्या पोटात असताना रामदास बोट बुडाली. १७ जुलै १९४७, गटारी अमावास्या, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांची वयं अशाच खुंट्यांना टांगलेली असतात. आये म्हणायची, "माका तेव्हा अठरावा लागलेला." म्हणजे पंचाण्णवच्या पुढे धरा.

ती माझी आजी. बाबा आये म्हणायचे म्हणून आम्ही नातवंडंही आये म्हणायचो.

तेराव्याला पानं उठल्यावर सगळे पडवीत बसले होते. माझा एक चुलतभाऊ (प्रेमळ आहे, फक्त भाषणाची सवय आहे) म्हणाला, "आजोबांनी मुंबईत घाम गाळला म्हणून हे घर उभं राहिलं. मनीऑर्डर आली नसती तर इथे चूल पेटली नसती." सगळ्यांनी माना डोलावल्या. एरवी मीही डोलावली असती. 'मनीऑर्डरवर जगणारं कोकण' हे आपण शाळेपासून ऐकत आलोय. पण त्याच सकाळी माळ्यावर मोठी पातेली काढायला चढले होते, तेव्हा मला आयेची तार सापडली होती.

तार म्हणजे किराणावाल्याकडे बिलं टोचून ठेवायची असते ना, तशी. खाली लाकडाची चकती, वर आकडा. तिला मनीऑर्डरची कुपनं टोचलेली. नवीन पोरांसाठी सांगते: मनीऑर्डरच्या फॉर्मला एक छोटा तुकडा असायचा, त्यावर पाठवणाऱ्याला दोन ओळी लिहिता यायच्या. पोस्टमन पैसे मोजून द्यायचा, अंगठा घ्यायचा आणि तो तुकडा फाडून हातात ठेवायचा. आयेला वाचता येत नव्हतं. पोस्टमनच खळ्यात उभा राहून मोठ्याने वाचून दाखवायचा. म्हणजे आजोबांनी काय कळवलंय ते आयेबरोबर शेजारच्या चार घरांनाही कळायचं. ऐकून झालं की कुपन तारेत.

सगळ्यात जुनं कुपन १९५३चं निघालं. गंजाने मधली बरीच एकमेकांना चिकटलीत, काहींचा नुसता चुरा. जी सुटली ती मी मागच्या दारी बसून वाचली. आजोबा चौथी शिकलेले, अक्षर टपोरं.

"२० रु. तांदूळ पोचले. सोलां संपली."

"२५ रु. कुळथाची पिठी गाळ्यातल्या सगळ्यांनी खाल्ली. जास्त पाठव."

"१५ रु. या महिन्यात खाडे झाले. तांदूळ लवकर पाठव."

"२० रु. बाबूच्या छातीत कफ आहे. तिकडे पाठवतो."

बाबू म्हणजे माझे बाबा. दहाव्या वर्षी त्यांना मुंबईला आणलं होतं, दोन पावसाळ्यांत परत पाठवावं लागलं.

कुपनांमागून कुपनं अशीच. पैसे पोचवणारा प्रत्येक कागद हीच तिकडून काय आलं त्याची पोच. आणि 'पाठव', 'पाठव', 'पाठव'. मग मला सांगा, कोण कोणाला पोसत होतं?

आजोबा लालबागला गावकऱ्यांच्या गाळ्यात राहायचे. एका खोलीत तीसेक माणसं. एक पाळीवरून आला की दुसरा उठून जाणार, वळकटी गार व्हायचीच नाही. प्रत्येकाची एक ट्रंक आणि एक खुंटी. गिरणीचा पगार एका माणसाच्या खानावळीला पुरून वर वीस रुपये उरावेत एवढाच होता. बायको, पाच मुलं, सासू, आंधळी चुलतसासू यांचा हिशेब त्या पगारात कधी धरलाच नव्हता. तो धरायची गरज मालकाला पडली नाही, कारण गावाला भाताचे चार कोपरे आणि ते लावणारी आये होती. कामगाराची बाळंतपणं गावाला, आजारपण गावाला, म्हातारपण गावाला. एवढा खर्च दुसऱ्याच्या अंगावर गेल्यावर कामगार स्वस्तातच मिळणार. मुंबईच्या गिरण्यांवर इतकं लिहिलं गेलंय, पण त्यात ही बाजू आली तरी 'गावाकडचं कुटुंब' एवढ्या दोन शब्दांत आटोपते, हे मला खटकतं.

बोचकी कशी जायची ते आठवतं मला. जुन्या लुगड्यात बांधून तोंड दाभणाने शिवायचं. आत उकडे तांदूळ, त्यात खुपसलेली सोलांची पुरचुंडी, तिरफळं, माती लावून टिकवलेल्या फणसाच्या आठळ्या, आणि वास लागू नये म्हणून अगदी वेगळे बांधलेले सुके बांगडे. वास लागायचाच. आधी ही बोचकी देवगडहून बोटीने जायची, मग एसटीने, परत निघालेल्या कुठल्या ना कुठल्या चाकरमान्याच्या गळ्यात मारून. १९९८ला कोकण रेल्वे सुरू झाली तेव्हा तिच्यासाठी संसदेत भांडलेले नाथ पै जाऊन सत्तावीस वर्षं झाली होती आणि आजोबांना जाऊन सात. पहिली गाडी बघून आल्यावर आयेचं मत एवढंच: "आता दोन बोचकी जातली."

१९८२ची कुपनं तारेवर नाहीतच. १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार, त्यातले एक बाबा, तेही बदलीवाले, म्हणजे कोणी खाडा केला तरच काम मिळणारे. शिमग्याला आम्ही गावाला गेलो ते दीड वर्ष तिथेच राहिलो. माझी पहिली कणकवलीला झाली. मुंबईहून एक पैसा येत नव्हता, माणसं मात्र येत होती. घरात अकरा तोंडं. सकाळी पेज आणि चौघांत एक भाजलेला बांगडा. आये मापाने तांदूळ काढायची आणि काढले की त्यातली एक मूठ परत डब्यात टाकायची. रोज. आईने एकदा विचारलं, काढायचेच कमी, परत कशाला टाकता? आये म्हणाली, "पावसात लागतला." आणि पावसात लागले. श्रावणात शेजारच्या संपकरी घरातली बाई पदराआड पातेली धरून आली, तेव्हा आयेने दिले ते त्याच डब्यातले.

आता ती देवमाणूस होती असं लिहून मोकळी झाले तर खोटं होईल. बांगड्याचा मधला तुकडा नेहमी मुलग्यांना आणि शेपटी आम्हा मुलींना. आईला तिने तोंडाने फार छळलं, आईने ते तिला शेवटपर्यंत माफ केलं नाही, आणि तरी शेवटचे आठ महिने तिचं सगळं आईनेच केलं. आप्पा पटवर्धनांचा गोपुरी आश्रम वागद्याला, घरून चालत जाता येईल इतका जवळ. आप्पांनी तिथे अस्पृश्यता मोडण्यासाठी आयुष्य घातलं, आणि आमच्या पडवीच्या वाशाला मात्र गड्यांसाठी वेगळा कप खोचलेला असायचा. मी दहावीत असताना यावरून तिच्याशी भांडले होते. दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी कप नाहीसा झाला. पटलं म्हणून की कटकट नको म्हणून, कधी सांगितलं नाही.

मुंबईला ती तीनदाच आली. बाबांच्या काळाचौकीच्या खोलीत एकदा, भांडुपला दोनदा. आठव्या मजल्यावर आठवडाभर राहून कंटाळली. आम्ही सगळे तिला पटवत होतो की या वयात गावाला एकटीने राहू नकोस. ती म्हणाली, "हय हात पसरलो तर भिंतीक लागता. आणि तुमी माका थय एकटी म्हणतास?"

सातबाऱ्यावर तिचं नाव लागलं ते १९९१ला आजोबा गेल्यावर, वारस म्हणून. त्याआधी चाळीस वर्षं ती ज्या जमिनीत वाकून लावणी करत होती, त्या जमिनीच्या कागदावर ती नव्हतीच. आता ते नाव कमी करायचा अर्ज कोणी टाकायचा, यावर तेराव्याच्या संध्याकाळीच बोलणं सुरू झालं. चालायचंच. आत्यांना हक्कसोडपत्रावर सह्या करायला सांगतील तेव्हा मी तिथे असणार आहे, एवढं इथे लिहून ठेवते. ग्रुपवरचे सगळे ही पोस्ट वाचतात, मला माहीत आहे.

तार मी मुंबईला आणली. कोणी हरकत घेतली नाही, भंगारच ते. काल रात्री कुपनं तारखेने लावत बसले होते. १९५८ची तीन लागोपाठ मिळाली.

पहिल्यात: "२० रु. बोचक्यात अबोलीचा वळेसर मिळाला. सुकला होता."

मी थांबले. वळेसर म्हणजे गजरा. तो कशासाठी पाठवला असेल? चुलतभावाला फोटो टाकला तर तो म्हणाला, गाळ्यातल्या देवाच्या तसबिरीसाठी असणार. असेल.

दुसऱ्यात: "२० रु. फुलं पाठवू नको. वाटेत सुकतात." हे पोस्टमनने खळ्यात उभं राहून मोठ्याने वाचलं असणार, चार घरांना ऐकू जाईल असं. आयेला लिहिता येत नव्हतं. तिला उत्तर द्यायचं तर ते बोचक्यातूनच.

तिसऱ्यात: "२० रु. तांदूळ पोचले. फुलं मिळाली."