कोंबडी आमची, अभ्यास काकांचा

सोमवारी सकाळी दूध आणायला खाली उतरलो, तर लिफ्टशेजारच्या फळ्यावर नवी सूचना. टाइप केलेली, सोसायटीचा गोल शिक्का मारलेली. ‘रविवार रोजी काही सदस्यांच्या सदनिकेतून उग्र वास येत असल्याची तक्रार प्राप्त झाली आहे. मांसाहारी पदार्थ शिजवताना दारे-खिडक्या बंद ठेवून सहकार्य करावे. आदेशावरून, सेक्रेटरी.’

काही सदस्य म्हणजे मी. सेक्रेटरी म्हणजे चौथ्या मजल्यावरचे काका, आमच्या बरोब्बर डोक्यावर राहणारे. तक्रार रविवारी दुपारी, निकाल सोमवारी सकाळी सहाला. लिफ्टमधला पंखा बंद पडल्याचा माझा अर्ज गणपतीपासून विचाराधीन आहे, तो भाग वेगळा.

सूचनेचा मला राग नाही. ‘चपला दारासमोर काढू नयेत’पासून ‘कबुतरांना दाणे घालू नयेत’पर्यंत सगळ्या सूचना मी पचवल्यात. राग याचा आहे की हेच काका रविवारी पाऊण तास माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभं राहून मला बटर चिकन शिकवत होते. आणि तो उग्र वास कोंबडीचा नव्हताच. देवाशपथ. देवाची शपथ का घेतोय ते पुढं कळेल.

झालं एवढंच की आदल्या आठवड्यात चिरंजीवांना हॉटेलात नेलं होतं. बटर चिकनच्या एका प्लेटीला ४६० रुपये, त्यात चार तुकडे, आणि त्यातला एक नुसतं हाड. मी भर हॉटेलात म्हणून गेलो, “यापेक्षा घरी करीन.” बायको वेंगुर्ल्याची. कोंबडीत भाजलेल्या खोबऱ्याचं वाटप पडलं नाही तर तिच्या लेखी ती कोंबडी फुकट मेली. तिनं आईला फोन लावून कोंबडीत दुधाची साय पडणार असल्याची बातमी दिली. पलीकडून “गे बाय माझ्या!” एवढंच ऐकू आलं. मग बायको पेपर घेऊन गॅलरीत गेली ती जेवायलाच आत आली. चिकनच्या दुकानात रविवारची रांग. “काय बनवणार?” असं कापणाऱ्यानं विचारलं आणि मी खरं सांगितलं, तर मागच्या बाईंनी “घरी?” म्हणून माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी घरच्या घरी अपेंडिक्स काढणार होतो.

असो. दही, आलं-लसूण आणि काश्मिरी तिखट लावून तुकडे तीन तास मुरवले, तव्यावर लोण्यात परतले, दुसऱ्या गॅसवर टोमॅटो आणि काजू रटरटत होते. इतक्यात बेल वाजली. काका. हातात मेंटेनन्सची पावती.

आता काका हा माणूस समजून घ्यायला हवा. बँकेतून निवृत्त. आयुष्यात अंडं घातलेला केक खाल्लेला नाही. गुरुवारी लसूण नाही, चातुर्मासात कांदा-वांगं नाही. पावती देऊन जायचं, तर हे नाकाला रुमाल लावून स्वयंपाकघराच्या दारात आले. एक पाय आत, एक पाय बाहेर.

“बटर चिकन वाटतं?”

“हो. तुम्हाला त्रास होत असेल तर दार लोटून घेतो.”

“नाही नाही. मी खात नाही. पण अभ्यास आहे.”

निवृत्तीनंतर दुपारी झोप येत नाही म्हणून काका मोबाइलवर स्वयंपाकाचे व्हिडिओ बघतात, हे मला ठाऊक होतं. मला वाटलं, खांडवी-पातोळ्यांचे बघत असतील. हा माणूस मराठी, हिंदी आणि पंजाबी मिळून तीन भाषांत कोंबडी कोळून प्यायला होता. बोलायचं असलं की रुमाल खाली करायचा, बोलणं संपलं की वर. आणि मधे एक दीर्घ श्वास. बारा-पंधरा वाक्यांनंतर माझ्या लक्षात आलं की श्वास लांबत चाललेत आणि वाक्यं नुसती निमित्ताला आहेत.

“कांदा घातलात?” काकांनी कढईत डोकावून विचारलं.

“दोन.”

“अरेरे. मूळ पाककृतीत कांदा नाही.”

एखाद्या शुद्ध शाकाहारी माणसाकडून कोंबडीच्या मूळ पाककृतीबद्दल ‘अरेरे’ ऐकून घेणं काय असतं, हे ज्याच्यावर गुदरलंय त्यालाच कळेल. आणि मूळ म्हणजे किती मूळ? तर काका थेट पेशावरला गेले. तिथून फाळणीनंतर १९४७ साली दिल्लीत आलेल्या मंडळींनी दर्यागंजात ‘मोती महल’ हॉटेल काढलं. तंदूरमधली कोंबडी सुकून जायची, म्हणून तिला टोमॅटो, लोणी आणि सायीच्या रश्श्यात बुडवायची युक्ती निघाली. “थोडक्यात काय, तुमची ही शाही डिश म्हणजे फोडणीच्या पोळीची थोरली बहीण.” इथवर मी मान डोलावत होतो. पण खरी रंगत पुढं होती. युक्ती कुणाची? भागीदारांत दोन कुंदनलाल. एक कुंदनलाल गुजराल, दुसरे कुंदनलाल जग्गी.

“दोघंही कुंदनलाल!” काकांनी रुमाल खिशातच घातला. “आता नातवंडं भांडताहेत. २०२४ साली दिल्ली हायकोर्टात दावा. बटर चिकन कुणाच्या आजोबांनी शोधलं, यावर. दाव्याची पानं किती असतील?”

“माझा टोमॅटो लागतोय, काका.”

“२,७५२!”

बँकेत जन्म घालवलेल्या माणसाला कागदांच्या गठ्ठ्याचं केवढं सुख होतं, ते त्या चेहऱ्यावर बघावं. जणू ती पानं त्यांनी स्वतः टाचणी लावून फाइल केली होती. टोमॅटो खरंच लागला. तळाचा काळा भाग सोडून बाकीचा मिक्सरमधून काढला, आणि “गाळायचं, गाळल्याशिवाय मखमल येत नाही” हा हुकूम झाल्यावर घरातली एकमेव गाळणी काढली. चहाची. एक किलो कोंबडीचा रस्सा चहाच्या गाळणीतून चमच्याचमच्यानं गाळताना मला जे वाटत होतं ते छापण्यासारखं नाही. (गाळणीला अजून लसणाचा वास येतोय. आमचा चहा सध्या पाहुण्यांना देता येत नाही.)

तोवर काका कसुरी मेथीचं पाकीट चष्मा वर करून वाचत होते. कसूर हे लाहोरच्या दक्षिणेचं गाव, त्यावरून हे नाव. आपल्याकडं मिळते ती बरीचशी राजस्थानात नागौरकडं पिकते. “नाव कसूरचं, पत्ता नागौरचा,” काका म्हणाले, “म्हणजे केवायसीत अडकली असती.” स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसले. मी हसलो नाही. माझ्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि हा गृहस्थ वाऱ्याच्या झुळकेत दारात उभा होता.

मग क्रीम. इथं चूक माझी आहे हे मी कबूल करतो, पण कबूल करायला लावल्याचा राग आहेच. मी फ्रिजमधून क्रीमचा खोका काढला. काका म्हणाले, “गॅस बंद करा. रस्सा जरा निवू द्या. आणि थंडगार नका ओतू, आधी दोन चमचे गरम रस्सा क्रीममध्ये घ्या.” आता हे वाक्य बायकोनं म्हटलं असतं तर मी ऐकलं असतं. (नसतं ऐकलं. पण ते असू दे.) ज्यानं जन्मात कोंबडीला बोट लावलं नाही त्याचं मी का ऐकावं? मी काकांच्या डोळ्यांत डोळे घालून उकळत्या रश्श्यात अख्खा खोका उपडा केला.

अर्धं मिनिट काही झालं नाही. त्या अर्ध्या मिनिटात मी आयुष्यात क्वचित झालो असेन इतका सुखी होतो. मग कडेनं बारीक पांढरे कण दिसायला लागले. मग मधे. मग सगळी कढई उन्हाळ्यात नासलेल्या दुधासारखी झाली, वर तुपाचे तवंग.

“फाटलं,” काका म्हणाले. ज्या सुरात मुलगा दहावीत पहिला आल्याचं सांगतात, त्या सुरात.

पुढं दहा मिनिटं कारणमीमांसा. टोमॅटो आंबट, वर उकळी, आणि खोक्यातल्या क्रीममध्ये स्निग्धांश अवघा २५ टक्के, म्हणून ते दम धरत नाही. चांगलं दाट असतं तर थोडंफार सोसलं असतं. हे सगळं खरं असावं, कारण त्यांनी सांगितलेला उपायही लागू पडला. मूठभर काजू गरम पाण्यात भिजवून वाटले, फाटलेला रस्सा त्यात थोडा थोडा घालत पुन्हा मिक्सरमधून फिरवला आणि चक्क मिळून आला. तकतकीत, केशरी. मी आभार मानले नाहीत. मिक्सरच्या आवाजात ऐकू गेले नसते, अशी सबब आहे माझ्याकडं.

इथं काकांनी जायला हवं होतं. तर म्हणतात, “आता धुंगार.”

तंदूर नाही, मग धुराचा वास कुठून येणार? वाटीत पेटता निखारा, त्यावर तूप, वर झाकण. निखारा आणायचा कुठून? खालचा इस्त्रीवाला दोन वर्षांपूर्वी गॅसच्या इस्त्रीवर गेला. मी सुटलो म्हणून हुश्श करतोय तोच काका गायब. दोन मिनिटांत हजर, हातात करवंटी. शनिवारी मारुतीपुढं फोडलेल्या नारळाची.

“अहो काका, देवाच्या नारळाची करवंटी कोंबडीला?”

काका क्षणभर थांबले. विचार केला. मग बँकेतला माणूस जागा झाला. “प्रसाद खोबऱ्याचा. करवंटी पॅकिंग.”

करवंटीला वर काथ्याचा झुबका तसाच होता. तो काढायचा असतो, असं व्हिडिओत सांगत नसावेत. गॅसवर धरल्याबरोबर आधी तो पेटला, मग तिच्यातून जो काही काळा-पिवळा धूर निघाला! मुलगा खोलीतून खोकत बाहेर आला, काका “चिमट्यानं धरा, चिमट्यानं!” ओरडत मागं सरकले, बायकोनं गॅलरीतून “जिवंत आहात ना?” विचारलं, पण पेपर काही खाली ठेवला नाही. मी खिडकी सताड उघडली. धूर धुराच्या स्वभावाप्रमाणं वर गेला. वर चौथा मजला. तिथून काकूंच्या खिडक्या धाडधाड लागल्याचा आवाज आला आणि काका पावती ओट्यावर ठेवून निघाले ते वळून न बघता.

तर हा तो उग्र वास. कोंबडी तोवर झाकणाखाली गुमान पडली होती.

शेजारच्या विंगेत ठेचा कुटतात तेव्हा तीन मजले शिंकतात. दुसऱ्या मजल्यावर दर अमावास्येला धूप जाळतात, डोळे चुरचुरतात. त्याला कुणी उग्र म्हणत नाही, म्हणूही नये, शेजार म्हटलं की नाकानंही थोडं सोसायचं असतं. पण फळ्यावर ‘मांसाहारी’ हा शब्द टाइप करून लावला की बात बदलते. आम्ही भाड्यानं घर शोधत होतो तेव्हा एजंट पगार विचारायच्या आधी “व्हेज ना?” विचारायचा. तीन घरं त्या एका प्रश्नात गेली. चौथ्या घरात आम्ही सहा महिने सुकटीचा डबा प्लॅस्टिकच्या पाच पिशव्यांत गुंडाळून ठेवला होता, चोरीचं सोनं असल्यासारखा. आता घर स्वतःचं आहे, हप्ता स्वतःचा आहे, आणि खिडकी मात्र सेक्रेटरींना विचारून उघडायची.

जेवणाचं विचाराल तर चिरंजीव म्हणाले, “चांगलंय, पण हॉटेलसारखं गोड नाही.” एकूण खर्च ९४० रुपये, करवंटी फुकट. बायकोनं दोनदा वाढून घेतलं आणि आईला फोनवर “बरं होतं” असं कळवलं.

मंगळवारी संध्याकाळी लिफ्टमध्ये काका भेटले. आम्ही दोघंच. पंखा बंद. काका दाराकडं तोंड करून उभे. पहिला मजला गेल्यावर घसा खाकरून म्हणाले, “तक्रार हिची होती. लेखी दिली तिनं. सेक्रेटरी म्हणून मला...”

“हं,” मी म्हणालो.

दुसरा मजला.

“दुसऱ्या दिवशी जास्त मुरतं म्हणतात,” काका दाराशीच बोलत होते. “कसं लागलं?”

“उरलंच नाही,” मी म्हणालो.

काकांचा चेहरा पडला. खरोखर पडला. मी तिसऱ्यावर उतरलो.

उरलं होतं. फ्रीजरमध्ये दोन डबे होते, वर तारीख घातलेले. रात्री त्यातला एक काढला, कढईत मंद आचेवर ठेवला, वरून नागौरची कसुरी मेथी तव्यावर शेकून, तळहातावर चोळून टाकली. फळ्यावरची सूचना आठवली. खिडकी सताड उघडी ठेवली.

थोड्या वेळानं वरची खिडकी करकरली. बंद करताना ती आपटते. करकरते ती उघडताना. नऊ वर्षं ऐकतोय.