आधी न्हाणीचा उतार बघा, झोपाळा मग लावा

पाणी पुन्हा खोलीत आलं. दापोली-गुहागर पट्टा, पर्यटकांना भाड्याने दिलेली घरगुती खोली, समुद्र चालत पाच मिनिटांवर, भाडं अडीच हजार, भिंतीवर वारली चित्रं, ओटीवर सागवानी झोपाळा. आणि अंघोळीची दुसरी बादली अंगावर घेतली की साबणाचं पाणी उंबरा ओलांडून सरळ पलंगाखाली. पलंगाखाली बॅग, बॅगेत उरलेसुरले कोरडे कपडे. मालकांना सांगितलं तर उत्तर काय? "वायपर ठेवलाय हो दारामागं, ओढून घ्यायचं जरा."

वायपर ठेवलाय! म्हणजे पाणी खोलीत जातं हे तुम्हाला ठाऊक आहे. पहिल्या पाहुण्यापासून ठाऊक आहे. ठाऊक असून गवंड्याला परत बोलावलं नाहीत, बाजारात जाऊन वायपर आणलात आणि फरशी पुसायचं काम भाडं भरून आलेल्या माणसाच्या हातात दिलंत. फरशीचा राग एकवेळ गिळता येईल, पण या वायपरचा नाही गिळता येत. ओलेत्या अंगाने, टॉवेल गुंडाळून, वाकून पाणी उलटं चढावर ढकलायचं, ते परत येतं, परत ढकलायचं. मागून आई विचारतेय, झालं का रे, मला जायचंय. तिला संधिवात, त्यात फरशी गुळगुळीत. तिला आत सोडायची भीती वाटते.

हे एका घरापुरतं असतं तर कोण कशाला एवढं बोललं असतं. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्याला लागून घरगुती खोल्या झाल्यात, त्यातल्या कितीतरी ठिकाणी हीच तऱ्हा. जुन्या चिरेबंदी घराच्या मागच्या पडवीत भिंत घालून 'अटॅच' काढायचं. मुळात पडवीच ती, त्यामुळे खोलीची आणि न्हाणीची जमीन एकाच पातळीत. बाहेर शोषखड्ड्याकडे जाणाऱ्या पाइपाला उतार हवा, जमीन खोदायची नसते, म्हणून नहाणी ट्रॅप, म्हणजे न्हाणीतलं पाणी पाइपात सोडणारा जाळीखालचा वाकडा तुकडा, वर घेतला जातो. ट्रॅप वर आला की त्याच्या भोवतीची फरशी वर येते. मग पाण्याने जायचं कुठे? दाराकडेच जाणार. गवंड्याला हे कळत नाही असं नाही. त्याला कोणी बजावून सांगत नाही आणि नंतर कोणी जाबही विचारत नाही.

त्यात टाइल कोणती, तर चार बाय सहाच्या न्हाणीत दोन बाय दोनची चकचकीत. एवढ्या मोठ्या टाइलला चारी बाजूंनी ट्रॅपकडे उतार देता येत नाही. ती तिरकी कापून बसवावी लागते आणि तेवढं कापत बसायला कोणाला वेळ नसतो. एक बाय एकची खरखरीत, मॅट टाइल घ्या. पाय सरकत नाही आणि उतार हवा तसा वळवता येतो. सहा फुटांत एक इंच उतार पुरे. न्हाणीची जमीन खोलीपेक्षा निदान इंचभर खाली हवी. ती खाली नेणं जमत नसेल तर दारात ग्रॅनाइटची दोन इंच उंच पट्टी बसवा. ट्रॅप दारापासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात. आणि पाणसळीचा, म्हणजे गवंड्याच्या सपाटी बघायच्या पट्टीचा, बुडबुडा मधोमध आला म्हणून मान डोलावू नका, न्हाणीत तो मधोमध येणं हाच दोष आहे. गवंड्याचा हिशेब चुकता करण्याआधी दारात उभं राहून एक बादली पाणी ओता. दोन मिनिटांत सगळं ट्रॅपात गेलं नाही तर टाइल उखडायला लावा, त्याच दिवशी, माल ओला असतानाच. वाळल्यावर कोणीच उखडत नाही. मग वायपर येतो.

ट्रॅपचं नाव निघालंच आहे तर वासाचंही बोलू. ट्रॅपच्या वाकात सुमारे पन्नास मिलिमीटर पाणी कायम उभं राहायला हवं. तेवढंच पाणी खालची घाण हवा आणि झुरळं अडवून धरतं. खोली महिनाभर बंद राहिली की ते आटतं. पाहुणा दार उघडतो आणि भपकन वास येतो. उपाय एवढाच की बंद खोलीत चार दिवसांनी दोन तांबे पाणी ओतायचं. ते होत नाही, पण जाळीवर डांबरगोळ्या मात्र ठेवल्या जातात. डांबरगोळीने वास झाकला जात नाही, दोन्ही वास एकत्र येतात आणि डोकं धरतं. काही महाभागांनी तर ट्रॅपच बसवलेला नाही, सरळ पाइपावर जाळी ठोकून दिलीय. तिथे कितीही पाणी ओता, काही उपयोग नाही.

आणि वाळू. समुद्रावरचं घर म्हणून जाहिरात करता, मग माणूस समुद्रावर जाणार, पाय वाळूने भरून येणार, हे कळायला काय लागतं? खळ्याच्या, म्हणजे पुढच्या अंगणाच्या, कडेला एक नळ, खाली एक सपाट चिरा, पाणी पोफळीच्या आळ्यात सोडलेलं. एवढं केलं की वाळू बाहेरच राहते. ते नसतं, म्हणून सगळे आत येऊन न्हाणीत पाय धुतात, वाळू जड असल्यामुळे ट्रॅपच्या वाकात बसते, वर केस अडकतात, पाणी तुंबतं आणि पुन्हा दाराकडे निघतं. वर भिंतीवर पाटी, 'कृपया बाथरूममध्ये वाळू टाकू नये'. कोण टाकतं हो वाळू? पाय धुवायला जागा द्या ना आधी.

गरम पाण्याची तीच गत. 'चोवीस तास गरम पाणी' असं लिहिलेलं असतं आणि भिंतीवर तीन लिटरचा, तीन किलोवॉटचा इन्स्टंट गीझर. तीन किलोवॉट मिनिटाला दोन लिटर पाणी वीस-एकवीस अंशांनी तापवू शकतो, त्याहून जास्त नाही. म्हणजे नळ बारीक सोडला तर पंधरा लिटरची बादली भरायला सात-आठ मिनिटं. हे कोणी सांगत नाही. पाहुणा नळ पूर्ण सोडतो, पाणी कोमट येतं, तक्रार केली की म्हणतात गीझर चांगलाय, तुम्हाला वापरता येत नाही. पंधरा लिटरचा साठवणीचा, दोन किलोवॉटचा लावा. पंधरा-सोळा मिनिटांत तापतो, त्यात थंड मिसळून दोन जणांच्या अंघोळी होतात, मग पुन्हा पाव तास. चार माणसांच्या खोलीत तेवढं थांबणं परवडतं, फक्त आधी सांगून ठेवा.

वायरिंगबद्दल बोलताना मात्र हात थरथरतात. तीन किलोवॉटचा गीझर तेरा अँपिअर ओढतो आणि तो लावलेला असतो टीव्हीच्या सहा अँपिअरच्या सॉकेटात, मधे एक टू-पिनचा अडॅप्टर घालून. पिन काळी पडलेली, प्लास्टिक वितळलेलं, आणि अडॅप्टरमुळे अर्थिंग तुटलेलं. ओल्या फरशीवर उघड्या पायांनी उभा असलेला माणूस त्या नळाला हात लावणार आहे! सोळा अँपिअरचं सॉकेट, अडीच किंवा चार चौरस मिलिमीटरची वायर, भार वाढला की वीज तोडणारा स्वतंत्र एमसीबी आणि पाठीशी तीस मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की क्षणात पुरवठा तोडणारी कळ. ही चैन नाही, जिवाची गोष्ट आहे. आणि अर्थिंगचा खड्डा खरोखर घातलाय का, ते वायरमनकडून मोजून घ्या. जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत होते, मे महिन्यात अर्थिंग कमजोर पडतं, खड्ड्यात पाणी घालावं लागतं.

त्याहून भयंकर म्हणजे गॅस गीझर, तोही दार लावलेल्या न्हाणीच्या आत. वीज जाते म्हणून लावला, असं सांगतात. बंद जागेत ज्योतीला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तात तो प्राणवायूची जागा घेतो. माणसाला गरगरतं, वाटतं वाफेमुळे असेल, आणि तो तिथेच कोसळतो. आतून कडी लावलेली, बाहेर कोणाला पत्ता नाही. असे मृत्यू वर्तमानपत्रांत येत असतात आणि तरीही न्हाणीच्या झडपा डासांसाठी पुठ्ठा लावून बंद केलेल्या दिसतात. गीझर बाहेर, मोकळ्या पडवीत बसवा आणि नळ आत न्या. ते जमत नसेल तर गॅस गीझर नको. बाहेर बंब पेटवा, तांब्याच्या घंगाळात पाणी काढून द्या, पाहुणा आनंदाने बादली उचलून नेईल.

डासांसाठी पुठ्ठा कशाला हवा? खिडकीला फायबरची जाळी वेल्क्रोने लावता येते. बारीक कामाला वाव आहे तिथे कोणी लक्ष देत नाही. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, आज इतकी वर्षं झाली, आणि अजून दारामागे चार खुंट्या नाहीत! चार माणसं समुद्रात भिजून येतात. चार टॉवेल, चार जोड ओले कपडे. अडकवायचं कशाला? खुर्चीला, पंख्याच्या रेग्युलेटरला, खिडकीच्या गजाला, आणि मग सगळ्या खोलीला कुबट वास. पितळी किंवा चांगल्या स्टीलच्या खुंट्या घ्या, साध्या लोखंडाच्या खाऱ्या हवेत वर्षभरात गंजतात आणि पांढऱ्या शर्टावर तांबडा डाग सोडतात. मागल्या अंगणात नायलॉनची दोरी, पावसाळ्यात पडवीत, आणि वीसेक चिमटे. एका जेवणाच्या पैशांत होतं हे सगळं.

पावसाळ्यातली गादी हा वेगळाच छळ. कापसाची गादी हवेतली ओल पिते. चादर धुतलेली, स्वच्छ, इस्त्री केलेली, आणि पाठ टेकली की खालून गार ओलसर लागतं, पहाटे सर्दी. जूनच्या आधी गादीला दोन-तीन दिवस कडकडीत ऊन दाखवा, उलटून-पालटून. खोलीत कोणी नसेल तरी दुपारी पंखा चालू ठेवा, कपाटाची दारं उघडी टाका. पलंग भिंतीला चिकटवू नका, चिऱ्याची भिंत बाहेरून गिलावा नसेल तर पाऊस आत ओढते. चार बोटं जागा सोडा. हे कोकणातल्या कुठल्याही आजीला माहीत असतं. तुमच्या स्वतःच्या माजघरात तुम्ही पाळता, पाहुण्याच्या खोलीत का नाही?

इन्व्हर्टर आहे, असंही फोनवर सांगतात. असतो. पण त्यावर झोपाळ्यावरची दिव्यांची माळ आणि स्वागतकक्षातला टीव्ही, खोलीतला पंखा नाही. वादळात माडाचं झावळ तारांवर पडलं की वीज रात्रभर येत नाही, आणि मे महिन्यात पंख्याशिवाय त्या खोलीत झोप लागत नाही. दीडशे एएचच्या (अँपिअर-तासांच्या) एका बॅटरीवर साधे चार पंखे जेमतेम चार तास चालतात. कमी वीज खाणारे बीएलडीसी पंखे लावलेत तर तीच बॅटरी रात्र काढते. माळ बंद करा, पंखा चालवा.

माशांच्या ताटाबद्दल मी बोलणार नव्हतो, पण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी असते हे सगळ्यांना माहीत असताना त्या दिवसांत 'ताजी सुरमई' लिहून बर्फातली वाढायची आणि भाव ताज्याचा लावायचा, हे चुकीचं आहे. खाडीतलं काय मिळतंय ते सांगा, कालवं, तिसऱ्या, किंवा सरळ डाळ-भात, कुळथाची पिठी, सुका बांगडा भाजून द्या. त्याला कोण नाही म्हणणार?

आणि खोलीची वेळ. मुंबईहून रात्री सुटणारी कोकणकन्या एक्सप्रेस सकाळी कुडाळला उतरवते. रिक्षा करून माणूस आठ-नऊला दारात हजर. खोली बाराला मिळणार, नियम आहे, मान्य. कालचे पाहुणे दहाला जाणार, झाडलोट, चादरी, सगळं मान्य. पण रात्रभर डब्यात बसून आलेल्या म्हाताऱ्या माणसाला फाटकाबाहेर बॅगेवर बसवून ठेवायचं? 'लवकर खोली हवी तर अर्धं भाडं' असं तोंडावर सांगायचं? खळ्यात एक बाकडं टाका, पडवीत बॅगा ठेवायला कोपरा द्या, बाहेरच्या न्हाणीची किल्ली हातात द्या आणि मागितला तर चहा. बारापर्यंत थांबायला कोणाची ना नाही.